पहिली रांग कोणाची?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, डरहॅम शहरातल्या ड्यूक विद्यापीठाने १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात बास्केटबॉलसाठी मोठे बंदिस्त क्रीडागृह बांधायचे ठरवले, तेव्हा पहिली शंका काढली ती नकाशे करणाऱ्यांनीच. सुरुवातीचा विचार पाच हजार प्रेक्षकांचा होता. तो वाढत वाढत आठ हजारांवर गेला. तेव्हा फिलाडेल्फियातल्या वास्तुविशारदांच्या कचेरीने विद्यापीठाला पत्र लिहून सावध केले. येलच्या नव्या व्यायामशाळेत बास्केटबॉल पाहायला १,६०० जणांची सोय आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे नावाजलेले पॅलेस्ट्रासुद्धा नऊ हजारांचेच आहे. मग तुमचे आठ हजार जरा जास्तच होतात, असा त्या पत्राचा आशय होता.

सल्ला वेडगळ नव्हता. डरहॅम हे तंबाखूच्या कारखान्यांचे मध्यम आकाराचे गाव होते. दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा राज्य होते फुटबॉलचे, आणि बास्केटबॉल म्हणजे फुटबॉलचा हंगाम संपल्यावर थंडीचे दिवस काढायचा खेळ. तरीही विद्यापीठाने आपला हट्ट सोडला नाही. ८ एप्रिल १९३९ रोजी काम सुरू झाले आणि नऊ महिन्यांत पुरे झाले. ६ जानेवारी १९४० रोजी प्रिन्स्टनविरुद्ध पहिला सामना झाला, आठ हजार माणसे आली आणि ड्यूकने तो ३६–२७ असा जिंकला. ८,८०० आसनांचे ते ‘ड्यूक इनडोअर स्टेडियम’ त्या वेळी दक्षिणेतले सर्वांत मोठे बंदिस्त क्रीडागृह होते. आज ते कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम या नावाने ओळखले जाते, आणि टीव्हीवर अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल पाहणाऱ्या कोणालाही त्याचे नाव ठाऊक असते.

खर्च आला चार लाख डॉलर, आणि तो फिटला फुटबॉलच्या जिवावर. १९३८च्या हंगामात ड्यूकच्या फुटबॉल संघाविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळवता आला नव्हता. हंगामाच्या अखेरच्या रोझ बोल सामन्यात, तोही शेवटच्या मिनिटाला, सदर्न कॅलिफोर्नियाने त्यांना ७–३ असे गाठले. त्या हंगामाची कमाई आणि पुढे १९४५च्या शुगर बोलमध्ये अलाबामाला हरवून मिळालेला पैसा यांतून क्रीडागृहाचे कर्ज उतरले. एका खेळाने दुसऱ्याला घर बांधून दिले. विद्यापीठाच्या क्रीडाखात्याने कमावलेला पैसा खेळालाच परत दिल्याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि ते आजच्या कुलगुरूंनी आणि वित्ताधिकाऱ्यांनी वाचावे असे आहे.

मात्र या इमारतीकडून शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट आसनसंख्येत नाही आणि कर्जफेडीतही नाही. क्रीडागृहाची बातमी आली की किती आसने, किती कोटी आणि छताचा पल्ला किती, हे छापले जाते. खरा निर्णय असतो तो कोर्टाला लागून आखलेल्या पहिल्या काही रांगांचा. तिथे कोण बसणार, कोणाला लांब वर जाऊन बसावे लागणार आणि कोणाला दारातूनच आत येता येणार नाही, हे पाया खणण्याआधी कागदावर ठरलेले असते. एकदा काँक्रीट ओतले की ते बदलायला पिढ्या जातात. ड्यूक आणि त्याच्या आसपासची आणखी दोन विद्यापीठे यांची क्रीडागृहे हे इतक्या स्पष्टपणे दाखवतात की महाराष्ट्रात असे काही बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाने ती कहाणी समजून घ्यायला हवी.

ड्यूकच्या क्रीडागृहाबद्दल एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १९३५मध्ये एडी कॅमेरॉन आणि वॉलेस वेड या दोन प्रशिक्षकांनी गप्पा मारता मारता काड्यापेटीच्या पुठ्ठ्यावर पहिला आराखडा काढला, अशी ती कथा. कॅमेरॉन बास्केटबॉल शिकवत, वेड फुटबॉल. दोघांचाही या इमारतीमागचा रेटा खराच होता, आणि कॅमेरॉन यांचे नाव १९७२मध्ये तिला मिळाले ते योग्यच झाले. पण या कथेने एक अन्याय केला. काड्यापेटीचा पुठ्ठा सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि ज्याच्या टेबलावर खरे नकाशे तयार झाले तो माणूस मागे पडला.

त्याचे नाव ज्युलियन एबल. १८८१मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेला हा कृष्णवर्णीय तरुण १९०२मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून वास्तुशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. त्या शाखेचा तो पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. होरेस ट्रंबाउर या बड्या वास्तुविशारदाने त्याला १९०६मध्ये नोकरीवर घेतले आणि तीनच वर्षांत मुख्य आरेखक केले. हार्वर्डचे वाइडनर ग्रंथालय, फिलाडेल्फियाचे कलासंग्रहालय अशा कामांत एबल यांचा हात होता. तंबाखू आणि जलविद्युत यांत पैसा केलेल्या जेम्स ड्यूक यांनी १९२४च्या डिसेंबरात चार कोटी डॉलरचा निधी उभा केला, त्यातून डरहॅमला गॉथिक धर्तीचा दगडी परिसर उठला. त्याचे आरेखन एबल यांचे. कागदांवर नाव असे ते कचेरीचे, म्हणजे ट्रंबाउर यांचे.

ट्रंबाउर १९३८मध्ये वारले. त्यामुळे इनडोअर स्टेडियमचे दगड एकावर एक चढत होते तेव्हा कचेरी चालवत होते ते एबल आणि त्यांचे सहकारी विल्यम फ्रँक. हा तपशील डोळ्यांसमोर ठेवून १९४०च्या त्या पहिल्या सामन्याकडे पाहावे. बाहेरून ही इमारत क्रीडागृह वाटतच नाही. परिसरातल्या वसतिगृहांना आणि वर्गखोल्यांना लावलेलाच करडा-तपकिरी स्थानिक दगड तिलाही आहे, तशाच निमुळत्या खिडक्या आहेत, आणि शेजारच्या इमारतींच्या वर ती डोके काढत नाही. आत पोलादी चौकटींवर छत तोललेले आहे. खेळाची वास्तू विद्यापीठापासून तोडून वेगळी उभी करायची नाही, ती विद्यापीठाचाच एक वाडा वाटली पाहिजे, हा विचार ज्याने केला, त्याच्या मुलाबाळांना मात्र त्या विद्यापीठात प्रवेश नव्हता. दक्षिणेत तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते. एबल यांनी आपले हे सर्वांत मोठे काम कधी प्रत्यक्ष पाहिलेच नाही, असे त्यांच्या घराण्यात सांगत आले. १९५०मध्ये ते गेले. ड्यूकच्या पदव्युत्तर शाखांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना उघडले १९६१मध्ये, आणि पदवीच्या वर्गात पहिले पाच कृष्णवर्णीय विद्यार्थी बसले १९६३च्या सप्टेंबरात. त्या दगडी क्रीडागृहात ड्यूकच्या गणवेशात उतरणारा पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू, सी. बी. क्लेबोर्न, १९६५मध्ये विद्यापीठात दाखल झाला. उद्घाटनानंतर पंचवीस वर्षांनी.

या पंचवीस वर्षांत हे क्रीडागृह कशा खेळाला मुकले, याचा पुरावा त्याच गावात आहे.

ड्यूकपासून काही मैलांवर तेव्हा ‘नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोज’ ही संस्था होती. आज ती नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटी आहे. तिथले प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन. कॅन्ससच्या विद्यापीठात ते प्रत्यक्ष जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकले. नेस्मिथ म्हणजे १८९१मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत सज्जाच्या कठड्याला टोपल्या टांगून बास्केटबॉल हा खेळच ज्यांनी जन्माला घातला ते. खेळाच्या जनकाचा हा शिष्य, पण कॅन्ससच्या विद्यापीठ संघात त्याला खेळता आले नाही, कारण तिथेही रंगाची भिंत होती. मॅक्लेंडन यांनी डरहॅमला येऊन वेगवान, सतत धावणारा, प्रतिस्पर्ध्याला दम न घेऊ देणारा खेळ शिकवायला सुरुवात केली. त्या काळच्या संथ बास्केटबॉलच्या मानाने तो फार पुढचा होता.

१९४४चा मार्च. युद्ध चालू होते आणि ड्यूकच्या वैद्यकीय महाविद्यालयात लष्करी प्रशिक्षणासाठी देशभरातून चांगले चांगले खेळाडू जमले होते. त्यांचा संघ त्या भागात वरचढ मानला जाई. दोन्ही बाजूंच्या तरुणांत चर्चा झाली, आणि १२ मार्चला, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, गाव चर्चमध्ये असताना सामना ठरला. ड्यूकचे गोरे खेळाडू उसन्या मोटारींतून वळणावळणांच्या रस्त्याने, डोक्यावरून कोट ओढून घेऊन कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पोहोचले. व्यायामशाळेचे दार आतून लावून घेतले गेले. पंच आणि घड्याळ होते, प्रेक्षक नव्हते; तरी काही विद्यार्थ्यांना सुगावा लागला आणि ते बाहेरून खिडक्यांना लोंबकळून पाहू लागले. मॅक्लेंडन यांच्या मुलांनी ८८–४४ असा सामना मारला, म्हणजे बरोबर दुप्पट. त्यानंतर जे झाले ते अधिकच मोलाचे. दोन्ही संघांनी खेळाडू आपसांत वाटून घेतले आणि गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र संघांनी आणखी एक सामना खेळला. असे करणे तिथे बेकायदा होते. गावातल्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राच्या बातमीदाराला हे कळले होते, पण त्याने शब्द पाळला आणि एक ओळही छापली नाही. इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी १९९०च्या दशकात ही हकिकत शोधून काढली, तोवर अर्धे शतक ती बाहेर आली नव्हती.

ज्या दिवशी डरहॅममध्ये बहुधा त्या हंगामातला सर्वांत चांगला बास्केटबॉल खेळला गेला, त्या दिवशी ८,८०० आसनांचे क्रीडागृह रिकामे होते आणि सामना एका छोट्या कुलूपबंद व्यायामशाळेत चालला होता. इमारतीत दोष नव्हता. वास्तुविशारद अव्वल होता, दगड उत्तम होता, दृष्टीच्या रेषा मोकळ्या होत्या. दोष होता तो आत कोणी यायचे हे ठरवणाऱ्यांत. सार्वजनिक वास्तूचे मोल करताना हा निकष वगळून चालत नाही.

तरी कॅमेरॉन स्टेडियमच्या आराखड्यातली एक गोष्ट मनापासून दाद देण्याजोगी आहे, आणि ती अजून टिकून आहे. कोर्टाला लागून असलेल्या खालच्या बाकांच्या पायऱ्या विद्यार्थ्यांच्या आहेत. पैसे मोजून हंगामाचे तिकीट काढणारे, देणगीदार, माजी विद्यार्थी यांच्या खुर्च्या वरच्या भागात. सामन्याच्या वेळी हजारभराहून अधिक विद्यार्थी खाली दाटीवाटीने उभे असतात. बसत कोणीच नाही. बाजूरेषेवरून चेंडू आत टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या पाठीशी त्यांचे पसरलेले हात इतके जवळ येतात की त्याला त्यांची बोटे जाणवावीत. कोर्टालगतच्या टेबलांवर बसलेले वार्ताहर आणि समालोचक पुढे वाकून काम करतात, कारण त्यांच्या मानेवर शंभर जण ओरडत असतात. या गोंगाटाला ध्वनिक्षेपकाची गरज लागत नाही. छत बेताच्या उंचीचे असल्याने आवाज वर विरून न जाता परत कोर्टावर येतो.

१९७७मध्ये आणि पुन्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस इमारतीची डागडुजी झाली. लाकडी पॅनेल लागली, पितळी कठडे आले, विजेवर चालणारा गुणफलक आला. वातानुकूलन तर एकविसाव्या शतकात आले. आसने आज ९,३१४ आहेत, म्हणजे ८५ वर्षांत जेमतेम पाचशेची भर. या काळात ड्यूकने प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांच्या हाताखाली पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. दुप्पट आकाराचे नवे संकुल बांधले असते तरी तिकिटे खपली असती. विद्यापीठाने तो मोह टाळला. हे शहाणपण आहे, आणि ते सोपे नसते, कारण प्रत्येक विश्वस्त मंडळात मोठ्या इमारतीची हौस असणारे कोणी ना कोणी असतेच.

ती हौस शेजारच्या रॅले शहरात काय करून गेली ते पाहण्यासारखे आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट हे तिथले शेती आणि अभियांत्रिकीचे सरकारी विद्यापीठ. शेतकऱ्यांच्या मोठ्या मेळाव्याला पावसात डोक्यावर छप्पर नाही, ही तिथली मूळ अडचण; त्यातून १९४०च्या सुमारास भव्य सभागृहाची कल्पना निघाली. तंबाखू उद्योगातल्या रेनॉल्ड्स घराण्याने देणगी दिली आणि विल्यम नील रेनॉल्ड्स यांचे नाव द्यायचे ठरले. नमुना समोर होता तो ड्यूकच्या नव्याकोऱ्या स्टेडियमचा. काम सुरू झाले, पोलादी सांगाडा उभा राहिला, आणि महायुद्धाने सगळे थांबवले. पोलाद आणि मजूर दोन्ही युद्धाकडे वळले. परिसराच्या मधोमध तो सांगाडा काही वर्षे तसाच उघडा उभा होता.

युद्ध संपल्यावर, १९४६मध्ये, एव्हरेट केस नावाचा प्रशिक्षक इंडियानाहून आला. इंडियाना म्हणजे बास्केटबॉलवेड्यांचा मुलूख. केस यांनी आल्या आल्या दक्षिणेत या खेळाची हवा अशी काही तापवली की १९४७मध्ये जुन्या छोट्या व्यायामशाळेतला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धचा सामना गर्दी दारे मोडून आत घुसल्यामुळे रद्द करावा लागला. मग केस यांनी मागणी केली की अर्धवट पडलेली इमारत आणखी मोठी करा. पण सांगाडा तर आधीच उभा होता. रुंदी वाढवता येणार नव्हती, उंचीही नाही. एकच वाट उरली होती : दोन्ही टोकांना लांबी वाढवायची. तसेच केले गेले. १९४९च्या डिसेंबरात रेनॉल्ड्स कलोसियम उघडले तेव्हा आसनसंख्या १२,४०० झाली होती, पण इमारत आगगाडीच्या डब्यासारखी लांबोडकी. टोकाकडच्या हजारो खुर्च्या टोपलीच्या मागे दूरवर जाऊन बसल्या. आकडा मिळाला; जवळीक गेली. मधेच बदललेला आराखडा कायमचा नडतो याचे इतके धडधडीत उदाहरण क्वचित सापडेल.

रेनॉल्ड्सने चांगले दिवसही पाहिले, हे नमूद करायला हवे. नाताळच्या सुटीतली ‘डिक्सी क्लासिक’ ही स्पर्धा केस यांनी तिथे चालवली आणि तिने दक्षिणेत बास्केटबॉलला घरोघरी नेले. १९५८च्या स्पर्धेला सिनसिनाटीचा ऑस्कर रॉबर्टसन आला. त्या पिढीतला तो बहुधा सर्वांत मोठा खेळाडू. शहरातली हॉटेले कृष्णवर्णीय खेळाडूला खोली देईनात म्हणून त्याच्या संघाची सोय विद्यापीठाच्या परिसरातच, सुटीमुळे रिकाम्या पडलेल्या विद्यार्थ्यांच्या निवासात करावी लागली. आणि कोर्टावर त्याला प्रेक्षकांकडून शिव्या ऐकाव्या लागल्या. याच इमारतीत १९६६च्या जुलैत मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर यांची सभा झाली. हे छप्पर शेतकऱ्यांसाठी मागितले गेले होते. ते शेवटी नागरी हक्कांच्या सभेलाही उपयोगी पडले. विद्यापीठाची वास्तू खेळापुरती नसते, ती सगळ्या समाजाच्या वापरात आली पाहिजे, याचा हा उजळ बाजूचा दाखला.

१९९९मध्ये पुरुषांचा संघ रेनॉल्ड्स सोडून विद्यापीठाच्या परिसराबाहेरच्या अवाढव्य नव्या संकुलात गेला. व्यावसायिक आइस हॉकी संघाबरोबर ते वाटून घ्यायचे, आसने एकोणीस हजारांहून अधिक, आणि वसतिगृहातून तिथे जायचे तर गाडी लागते. जुन्या रेनॉल्ड्सचे पुढे २०१५-१६मध्ये नूतनीकरण झाले तेव्हा आसने १२,४०० वरून ५,५०० वर आणली गेली. महिला बास्केटबॉलचा संघ आज तिथे खेळतो आणि आवाज पुन्हा कोर्टाजवळ आला आहे. १९४०च्या दशकात ताणून लांब केलेली इमारत सत्तर वर्षांनी विद्यापीठाला पुन्हा आखडून घ्यावी लागली. सुरुवातीलाच हे कळले असते तर दोन पिढ्यांचे प्रेक्षक चांगल्या जागेवर बसले असते.

तिसरे विद्यापीठ ड्यूकपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत, चॅपल हिलला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने १९८६च्या १८ जानेवारीला नवे क्रीडागृह उघडले, तेही ड्यूकविरुद्धच्या सामन्याने, आणि तो ९५–९२ असा जिंकला. आसने २१ हजारांवर. सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलरचा खर्च खासगी देणग्यांतून उभा केला गेला. सरकारी तिजोरीवर बोजा नाही. इमारतीला नाव दिले ते तेव्हाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांचे. स्मिथ यांचा मान मोठा आहे. विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक खेळाडू, चार्ली स्कॉट, त्यांनीच आणला, आणि तेही दक्षिणेत हे करायला धैर्य लागत होते त्या काळात.

पण देणगीतून बांधलेल्या इमारतीत देणगीदारांचा हक्क पहिला झाला. कोर्टालगतच्या खालच्या भागातल्या चांगल्या खुर्च्या ज्यांनी पैसा दिला त्यांच्याकडे गेल्या, आणि विद्यार्थ्यांचा मोठा भाग वरच्या सज्जांकडे सरकला. मोठे संघ येत, तिकिटे खपत, आणि तरीही हे क्रीडागृह फार शांत असते अशी तक्रार अनेक वर्षे होत राहिली. पुढे टोपलीमागे उभे राहण्यासाठी विद्यार्थ्यांना पायऱ्यांची खास जागा करून द्यावी लागली. खरे तर ही दुरुस्ती उद्घाटनाआधी कागदावर करायची होती. ज्यांनी पैसे दिले त्यांना जागा द्यावी हे न्याय्य वाटते. पण शुल्क भरून शिकायला आलेला विद्यार्थी हाही त्या इमारतीचा देणेकरी नव्हे, धनी आहे, हे त्या वाटाघाटींत कोणीतरी बोलायला हवे होते.

त्याच १९८६मध्ये डरहॅमला दोन गोष्टी घडल्या. ड्यूकच्या काही विद्यार्थ्यांनी नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्याला पहिल्या रांगेत उभे राहता यावे म्हणून क्रीडागृहाबाहेरच्या हिरवळीवर आदल्या काही दिवसांपासून तंबू ठोकले. ती प्रथा वाढत गेली, तिला प्रशिक्षकाच्या नावावरून ‘शशेफ्स्कीव्हिल’ म्हणू लागले, आणि आज विद्यार्थी थंडीत आठवडेच्या आठवडे तंबूत राहतात, पाळ्या लावतात, तिथेच अभ्यास करतात. पहिली रांग पैशाने नाही तर मुक्कामाने मिळते, हे नाते आराखड्याने शक्य केले.

दुसरी गोष्ट तंबूंची नव्हे, झोपड्यांची. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीशी विद्यापीठाने आर्थिक संबंध तोडावेत म्हणून आंदोलक विद्यार्थ्यांनी ड्यूकच्या चॅपलसमोर झोपड्या उभारल्या. एका विद्यार्थ्याने विद्यार्थी वृत्तपत्रात लिहिले की या झोपड्या आमच्या सुंदर परिसराला विद्रूप करतात. त्याला उत्तर दिले सुझन कुक या विद्यार्थिनीने : हा सुंदर परिसर ज्याने रेखाटला तो माझ्या पणजीचा भाऊ, तो कृष्णवर्णीय होता, आणि त्याला ही निदर्शने नक्की पटली असती. त्या पत्राने ज्युलियन एबल हे नाव ड्यूकच्या बहुसंख्य लोकांनी पहिल्यांदा ऐकले. त्यानंतर त्यांचे तैलचित्र विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत लागले. ड्यूकमध्ये लागलेले ते कृष्णवर्णीय व्यक्तीचे पहिले चित्र. २०१६मध्ये परिसरातल्या मुख्य चौकाला एबल यांचे नाव मिळाले. एका विद्यार्थिनीच्या पत्राने जे साधले, ते संस्थेच्या नोंदवह्यांना पन्नास वर्षांत साधले नव्हते. आराखड्यावर सही कोणाची आणि हात कोणाचा, हे लिहून ठेवायला खर्च येत नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९९४च्या राष्ट्रीय खेळांच्या निमित्ताने पुण्याजवळ बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल राज्याने बांधले. नवी मुंबईत नेरूळला डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आवारातले स्टेडियम २००८मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथे झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिला क्रिकेटचा विश्वचषक तिथेच उचलला. विद्यापीठाच्या आवारातली वास्तू सबंध देशाच्या कामी येते याचा अभिमान वाटावा असा तो दिवस होता.

मात्र त्याच राज्यात जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या विद्यापीठांची बंदिस्त क्रीडागृहे हा वेगळा विषय आहे. कबड्डी, खो-खो, कुस्ती, बॅडमिंटन, टेबल टेनिस, मल्लखांब हे सगळे पावसाळ्यात छपराखाली आणावे लागते. विद्यापीठ क्रीडागृहाची घोषणा करते तेव्हा भूमिपूजनाचे छायाचित्र येते, कोटींचा आकडा येतो, ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ हे शब्द येतात. विद्यार्थ्यांना संध्याकाळी किती वाजेपर्यंत सरावाला आत येता येईल, मुलींसाठी कपडे बदलण्याच्या खोल्या किती आणि कोर्टापासून किती अंतरावर, आंतरमहाविद्यालयीन सामन्याला प्रेक्षक म्हणून आलेल्या विद्यार्थ्यांना कोणती रांग मिळेल, वर्षातले किती दिवस सभागृह लग्नांना आणि प्रदर्शनांना भाड्याने जाईल, यांतले काही त्या बातमीत नसते. बहुतेक वेळा ते आराखड्यातही नसते.

हे लिहून घ्यायची जागा कायद्यानेच दिलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६मध्ये अधिसभा आहे, व्यवस्थापन परिषद आहे, क्रीडा आणि शारीरिक शिक्षण मंडळ आहे. प्रत्येक विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी क्रीडा शुल्क घेतले जाते. ज्यांच्या शुल्कावर हे चालते त्यांना आसनांचा नकाशा निविदा निघण्याआधी पाहता आला पाहिजे. देणगी घ्यावी, जरूर घ्यावी, इमारतीला देणगीदाराचे नावही द्यावे. पण कोर्टालगतच्या रांगा करारात विद्यार्थ्यांच्या नावे राखून ठेवाव्यात आणि त्या विकता येणार नाहीत अशी अट घालावी. आसनसंख्या वाढवायची असेल तर पोलाद उभे राहण्याआधी वाढवावी. कोनशिलेवर मंत्र्यांच्या आणि कुलगुरूंच्या नावांखाली वास्तुविशारदाचे, संरचना अभियंत्याचे आणि आरेखकांचे नाव कोरावे. आणि आराखडा अधिसभेपुढे येईल त्या दिवशी पहिल्या रांगेविषयीचा प्रश्न एखाद्या पदवीधर सदस्याने नाही, तर विद्यार्थी प्रतिनिधीने विचारावा, आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लेखी नोंदवून घ्यावे.